मांडीवरचा पाय

सत्यशीलाने तांदळाच्या डब्याला मोबाइल टेकवला, दहा सेकंदांचा टायमर लावला आणि उजवी टाच उचलूनच घाईघाईने येऊन सतरंजीवर बसली. पाय उशीवर ठेवला. खटकन फोटो निघाला. हा सातवा. उशीवर पाय ठेवलेली एक बाई, बस्स.

पुस्तकांची चित्रं काढायची तिची ही पद्धत जुनीच. आधी स्वतः तसं बसायचं, फोटो काढायचा आणि त्यावरून कागदावर उतरवायचं. नांदेडात खोली घेऊन एकट्या राहणाऱ्या बाईला समोर बसायला दुसरं कोण मिळणार? एसटीवरच्या पुस्तकात कंडक्टर तीच होती, टोपलीवाली तीच, आणि बिनतिकिटाचा पकडला गेलेला म्हाताराही तीच, डोक्याला टॉवेल गुंडाळून. त्याआधीचं पुस्तक पाखरांचं. त्यात माणसं नव्हती, ते बरं गेलं.

या नव्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर मात्र थोरली बहीण धाकटीचा पाय मांडीवर घेऊन काटा काढते. ते चित्र दोनदा पाठवलं आणि दोनदा परत आलं. दुपारीच पुण्याहून संपादक रेणुकाचा फोन येऊन गेला होता.

"बाकी सगळं छान आहे गं. पण या दोघी एकमेकींच्या कुणी वाटतच नाहीत. पायाचा भार मांडीवर पडलेला नाही. सोमवारपर्यंत जमेल ना? नाहीतर हे एक पान मी दुसऱ्या कुणाकडून करून घेते."

"जमेल," सत्यशीला म्हणाली होती, आणि फोन ठेवल्यावर तिला रडू आलं होतं. चार महिने खपून केलेल्या पुस्तकाचं शेवटचं पान परक्या हाताचं! त्यात रेणुकाचं खोटं नव्हतं, हे जास्त लागलं.

खालच्या खोलीत नागुबाई राहायच्या. धर्माबादकडच्या, सत्तरी गाठलेल्या. मुलगा लातूरला नोकरीत. दोन वर्षांत दोघींचं बोलणं नळाला पाणी आलं का, एवढ्यावरच अडलेलं. सत्यशीला दोनदा अर्धा जिना उतरली आणि वर आली. तिसऱ्यांदा पाय धुऊन गेली.

"मावशी, चित्रासाठी एक काम होतं. तुमचा पाय माझ्या मांडीवर घ्यायचा आणि काटा काढल्यासारखं करायचं."

"माझा कशाला? नुसत्या भेगाच हायेत. तुझा दे."

"तुमच्या मांडीवर मी पाय कसा ठेवू?"

"काटा काढताना ल्हानमोठं कोण बघतंय? बस गुमान."

मोबाइल माठाला टेकवून सत्यशीला बसली. पाय ठेवला खरा, पण वरच्यावर तोलून. नागुबाईंनी घोट्यावर हात ठेवून तो खाली दाबला.

"सोड की. किती ताठून धरून राहिलीस."

तिने पाय सोडला. फोटो निघाला, पण नागुबाई पाय सोडेनात. त्यांनी चष्मा लावला आणि टाच दाराच्या उजेडाकडे वळवली.

"अगं, हितं खराच काटा हाय की! वरून चामडं धरलंय."

"दिवाळीत भोकरला गेले होते, बाभळींची चित्रं काढायला. तेव्हाचा असेल. मी काढला होता."

"अर्धाच काढलास. आता होळी आली. इतके दिवस कुणी बघितलं न्हाई?"

सत्यशीलाने खाली बघत नुसती मान हलवली.

नागुबाईंनी पदराची पिन काढून काडीच्या जाळावर धरली. काटा निघाला तो तिळाएवढा. त्यावर त्यांनी हळद दाबली.

"लगेच टेकवू नको. ऱ्हाऊ दे असाच जरा."

पाय तसाच राहिला. दिवे लागले तरी कुणी उठेना.

रविवारी सकाळी चित्र गेलं. तासाभरात रेणुकाचा निरोप आला, "हेच हवं होतं. आता याला हात लावू नकोस."

संध्याकाळी सत्यशीलाने दोन्ही पाय घासून धुतले आणि पूर्ण टाच टेकवत जिना उतरली.

"मावशी, तो फोटो काही नीट आला नाही. हलला."

नागुबाईंनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. दाराशी सतरंजी अंथरलेली होती.

"मला वाटलंच," त्या म्हणाल्या. "ये. आज दुसरा पाय दे."