चार हातांचा झुपका

मी दलदलीवर घिरट्या घालणारी एक म्हातारी शिकारी पक्षीण आहे. या घिरट्यांमुळेच लोक आम्हाला भोवत्या म्हणतात. घारीसारखं उंच झाडावर घर बांधणं आमच्या नशिबी नाही. आमचं घरटं जमिनीवर, पाणकणसांच्या उंच पात्यांच्या दाटीत. त्यामुळे, मित्रांनो, माझा सारा जन्म भीत भीतच गेला.

अंडी मी एकटीच उबवायचे. नवरा उंदीर नाहीतर बेडूक आणायचा, पण घरट्यात पाऊल टाकायचा नाही. तो वरून शिकार सोडायचा आणि मी उडून, हवेतच अंग उलटं करून, ती पायांत झेलायचे. मग लांबचा वळसा घेऊन गुपचूप घरी परतायचे. घराचा पत्ता कोणाला लागू नये, यासाठी हा सगळा आटापिटा.

एका वर्षी मला तीन पिल्लं होती. ती उडायला अजून आठवडा होता. पाणी ओसरलं आणि चटया विणणारं एक जोडपं पाणकणसं कापायला विळे घेऊन आलं. सर्र सर्र आवाज रोज जवळ येई. शेवटी चटईवाल्याने पाती बाजूला सारली.

"अगं, पिल्लं आहेत इथे!" तो हळूच बायकोला म्हणाला. "एवढा झुपका सोडून देऊ."

"सोडा हो. लेकुरवाळी दिसतेय बिचारी."

माणूस भला होता. त्याने घरट्याभोवती चार हात पाणकणसं राखली आणि बाकीची सगळी कापली. तिथेच घात झाला. टकलावर उरलेल्या चार केसांसारखा आमचा झुपका लांबून दिसू लागला.

संध्याकाळी कोल्हा आला, तो थेट आमच्याकडेच. मी किंचाळले, त्याच्या पाठीत नख्या रोवल्या. तो दोनदा आला आणि दोन्ही वेळा एकेक पिल्लू घेऊन गेला.

सकाळी चटईवालीला पिसं दिसली. "अहो, आपण घर राखलं नाही, दाखवून दिलं," ती रडवेली झाली.

"माझ्या मनात तसं नव्हतं गं."

"तुमच्या मनातलं कोल्ह्याला काय कळणार?"

मग दोघांनी कापलेल्या पाणकणसांच्या पेंढ्या बांधून दलदलभर उभ्या केल्या. जिकडे बघावं तिकडे झुपकेच झुपके! संध्याकाळी कोल्हा पुन्हा आला. या पेंढीमागे हुंग, त्या पेंढीमागे हुंग, असं करत तो अगदी जवळ पोहोचला. मी पिल्लाला पोटाखाली दाबून श्वास रोखला. किती वेळ गेला, कोण जाणे. शेवटी तो कंटाळून माघारी फिरला. माझं ते एक पिल्लू पुढे उडालं.

मित्रांनो, तुम्ही माणसं मनाने चांगली आहात, हे मी पाहिलं आहे. पण आमच्यासाठी काही राखायचं झालं, तर हात आखडू नका. आम्ही तुम्हालाही दिसणार नाही, एवढं राखा.