चाचणीचं मशीन

त्या दिवशी मी दादाला घराबाहेर काढलं नाही, हे त्याचं नशीब.

ताईचा आवाज कॉम्प्युटरमध्ये आहे, हे घरात आलेल्या प्रत्येकाला मी आधी सांगते, मग पाणी विचारते. आजाराने तिचे हात गेले, पाय गेले, मग जीभही गेली. राहिले फक्त डोळे. पलंगाला दांडा लावून त्यावर स्क्रीन बसवलाय आणि त्याच्या खाली एक छोटा कॅमेरा आहे. ताई ज्या अक्षराकडे बघते ते उमटतं, वाक्य पुरं झालं की मशीन ते मोठ्याने वाचतं. बाई आयुष्यभर छापखाना चालवत आलेली. चुका काढायची सवय जाते कुठे? माझं सूप पाणचट झालंय, उशीचा अभ्रा उलटा घातलाय, शेजारीण खोटं बोलते, सगळं त्या मशीनमधून ऐकवायची. कधी कधी डोक्याला ताप व्हायचा, पण घरात ताई आहे हे कळायचं.

मशीन बसवणाऱ्याने जाताना इंटरनेटची वायर काढून ठेवली होती. म्हणाला होता की हे चालतंय, आता याला कुणी सुधारायला जाऊ नका. हे मी दादाला फोनवर सांगितलं होतं. पण दादा पडला कॉम्प्युटरवाला. मोठ्या कंपनीतली शेकडो मशीनं सांभाळतो. आमचं तो कशाला ऐकतोय?

डॉक्टर यायचे होते म्हणून तो मुद्दाम रजा काढून आदल्या दिवशी आला. ताईचा श्वास कमी पडायला लागला होता. गळ्याला छिद्र पाडून नळी घालायची का, तिला श्वासाच्या यंत्रावर ठेवायचं का, हे डॉक्टर तिला विचारणार होते. ठेवायचं तर कुठवर आणि थांबायचं कधी, हेही तिनेच सांगायचं होतं. दादाला वाटत होतं तिने हो म्हणावं. मला काय वाटत होतं ते मी कुणाला सांगितलं नाही. ताईला विचारलं तर मशीनमधून म्हणाली, "उद्या डॉक्टरांसमोर ऐक. एकच गोष्ट दोनदा बोलायला मला वेळ नाही."

मशीनमधलं ते तिचं शेवटचं वाक्य ठरलं. मी औषधं आणायला गेले, परत आले तर दादा हसऱ्या चेहऱ्याने पलंगाशी बसलेला. स्क्रीनवर नवंच चित्र झळकत होतं. म्हणाला, वायर जोडून नवी सिस्टीम टाकली, कालच बाजारात आलीये, जुनीला आता कुणी विचारत नाही, उद्या व्हायरस घुसला असता म्हणजे? ताई स्क्रीनकडे टक लावून बघत होती आणि एक अक्षर उमटत नव्हतं. नव्या सिस्टीमला तो कॅमेरा ओळखूच येत नव्हता.

आधी म्हणाला पाच मिनिटांचं काम आहे. मग सबंध दुपार गेली. कॅमेऱ्याच्या कंपनीला फोन लावला तेव्हा तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली की नव्या सिस्टीमवर आम्ही अजून तपासणी केलेली नाही, ग्राहकांनी ती इतक्यात टाकू नये. कधी होईल? सांगता येत नाही. जुनी परत घाल, मी दादाला म्हटलं. तर दादासाहेबांनी सगळं कसं स्वच्छ बसावं म्हणून जुनं पार पुसून टाकलेलं. आता कंपनीचा माणूस येऊनच ते पुन्हा बसवणार, आणि तो पुढच्या आठवड्याशिवाय मोकळा नाही.

"मी तिला विचारलं होतं गं," दादा म्हणाला.

कसं विचारलं, ते मी त्याला करून दाखवायला लावलं. आधी त्याने स्क्रीन स्वतःकडे फिरवला. म्हणजे तिचं तोंडच बंद केलं. मग विचारलं, ताई, टाकू ना? आणि तिने डोळे मिटले, तेही सावकाश, दोनदा. चारचौघांत कुणी असे डोळे मिटले तर आपण हो समजतो. पण आमच्या घरात मशीन बंद असलं की वर बघितलं तर हो आणि डोळे मिटले तर नाही. लांब राहून फोनवर गप्पा मारणाऱ्याला हे कुठून कळणार? तिने त्याला दोनदा 'नाही' म्हणून सांगितलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुझ्या ऑफिसात घातलीस का ही?" मी विचारलं.

तो खाली बघायला लागला. मी पिच्छा सोडला नाही, तेव्हा पुटपुटला की तिथे लगेच नाही घालत, काही महिने थांबतात, आधी चाचणीच्या मशीनवर बघतात.

"मग ताई काय तुझं चाचणीचं मशीन आहे?"

जी गोष्ट पगाराच्या हिशेबाच्या मशीनला लावायची त्याची छाती होत नाही, ती त्याने बहिणीच्या जिभेला लावली होती. आणि वर प्रेमाने केलं म्हणतो. त्याचं ते प्रेम मला त्या वेळी नुसतं चुलीत घालावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. त्यांना मी घडलेलं सांगितलं. दादा मध्येच म्हणाला की हो किंवा नाही एवढंच तर हवंय, ते ताई डोळ्यांनी सांगेल. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो भिंतीला जाऊन टेकला. डॉक्टरांनी मऊ आवाजात विचारलं, नळी घालायची का? ताईने वर बघितलं नाही. डोळेही मिटले नाहीत. ती कपाटाकडे बघत राहिली, तिथे आमचा जुना अक्षरांचा तक्ता ठेवलेला होता.

मी तो काढला. मी ओळी वाचायच्या, बरोबर ओळ आली की तिने वर बघायचं, मग अक्षर, मग काना-मात्रा. एकेका अक्षराला जीव जातो. तिला धाप लागत होती. डॉक्टर घड्याळाकडे बघायला लागले तसं मी त्यांना सरळ सांगितलं की आज उठायचं नाही. शेवटी तक्त्यावरून दोन शब्द निघाले. मी ते मोठ्याने वाचले.

"आधी आवाज."

डॉक्टरांनी तिला काही न लपवता सांगितलं. आवाज परत यायला वेळ लागला आणि श्वास त्याआधी थांबला, तर तेव्हा काही विचारायला सवड मिळणार नाही. हे कळतंय का? ताईने वर बघितलं. तरी थांबायचं? तिने पुन्हा वर बघितलं, आणि डोळे तिथेच ठेवले, कुणाला शंका राहू नये म्हणून.

दादा भिंतीशी रडायला लागला. मी त्याला जवळ घेतलं नाही.

"रड," मी म्हटलं, "पण कंपनीला फोन लावून रड."