लोहाराला हरता येईना

परभणीच्या मोंढ्यात एका बियाण्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसणारी धनश्री ऑनलाइन खेळात मात्र पांढऱ्या दाढीचा तलवारबाज होती. नाव गुरू वज्रकेतू. खेळ साधाच. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि ते काय करतं, काय बोलतं, ते पाळीपाळीनं लिहायचं. नव्या माणसाला आधी कुणीतरी गुरूनं पदरात घ्यावं लागे. म्हणून धनश्री भिकाऱ्याचं सोंग घेऊन खेळातल्या बाजारात बसायची आणि कोण कसं वागतं ते गुपचूप बघायची.

या खेपेला उमेदवार तिघं. पहिल्यानं आल्या आल्या भिकाऱ्याला लाथ घातली. दुसऱ्यानं एका वाक्यात चाळीस माणसं कापली. त्यातली दोन तर आदल्या दिवशीच मेली होती. तिसरा काळू लोहार. तो भिकाऱ्यापाशी उकिडवा बसला, फडक्यातली ज्वारीची भाकरी मोडली, मोठा तुकडा पुढे केला आणि म्हणाला, "दाताला लागंल बाबा, पाण्यात बुडवून खा." दुपारच्या डब्यापुढे बसलेल्या धनश्रीचे डोळेच भरून आले. हाच आपला चेला, तिनं ठरवून टाकलं.

शेवटची परीक्षा लढतीची. त्यात गुरू एकच बघे, याला हरता येतं का? जो समोरच्याचा एकही वार अंगावर घेत नाही, त्याच्यासंगं खेळणार कोण?

काळू लोहाराला ते काही जमेना. वार आला की ढाल तयार. पाय घसरवावा तर नेमका तिथंच आधाराला दगड. वर पुन्हा, "तलवारीचं वजन पाहता हा वार शक्य नाही." धनश्री वैतागली. तिनं त्याला थेट कॉल लावला आणि म्हाताऱ्याचा आवाज काढायला घसा खाकरला.

"नमस्कार गुरुजी. मी सिद्धोधन. झरीला गणित शिकवायचो, आता रिटायर हाय."

धनश्री खुर्चीवरून ताडकन उभी राहिली. "सर, तुमी?"

"कोण बोलायलंय?"

"धनश्री. दहावी ब."

"फळ्यापाशी बोलावलं की रडायचीस, ती? अन् ती दाढी तुझी हाय?"

"हो सर."

"बरं. माझं काय चुकायलंय सांग. भीड ठेवू नको."

धनश्रीनं डोळे मिटले. "सर, तुमी नापास झालात. माझा एक बी वार लागू देत न्हाईत. मग मी खेळू काय?"

"तीस वर्षं फळ्यासमोर काढली, पोरी. चुकायची सवयच न्हाई," सर म्हणाले आणि त्यांनी कॉल बंद केला.

दोन दिवस लोहाराचा पत्ता नव्हता. सरांना आपण दुखावलं, या विचारानं धनश्रीला डबा गोड लागेना. तिसऱ्या दिवशी दुपारी तो भर बाजारात आला आणि त्यानं गुरूला आव्हान दिलं. पहिल्याच वाराला हातोडा उडाला. दुसऱ्याला तो तोंडावर चिखलात पडला. उठता उठता धोतर सुटलं, ते सावरताना परत पडला. बाजारातली झाडून सगळी माणसं हसून लोळली. धनश्रीनं जागच्या जागी त्याला चेला करून घेतलं.

पण मग सरांना हरायची चटकच लागली. आठवडाभरात ते दोन चोरांकडून, एका म्हातारीकडून आणि एका बकरीकडून हरले. शेवटी गुरूलाच सांगावं लागलं, "सर, एखादी लढाई जिंका बी आता. ती बकरी लय माजलीय."