दोन्ही बाह्या उजव्या

मी एक जुना, काचेचा थर्मामीटर आहे. मित्रांनो, आधीच ठणकावून सांगतो, मी आयुष्यात कधी खोटं बोललो नाही, आणि त्या दिवशीही नाही!

तापलेल्या काचेतून माझी बारीक नळी ओढली, पोटात पारा भरला आणि मी मास्तरांच्या घरी आलो. मास्तर म्हणजे शिंपी. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागच्या खोलीत संसार. घरात माझा शब्द शेवटचा. लेकीने पोट धरलं की मास्तर मला तिच्या जिभेखाली ठेवत. पारा चढला तर सुट्टी, नाहीतर मुकाट्याने शाळा. माझा भाव वधारला होता, पण तिचा रडवेला चेहरा बघून मला वाईट वाटायचं.

पुढे मास्तरांचं यकृत कायमचं बिघडलं. पोटात पाणी साठू लागलं. एका सकाळी ते कापड बेतता बेतता पेंगू लागले, काहीबाही बोलू लागले. बायकोने मला लावलं. पारा नेहमीच्या रेघेपुढे सरकला नाही.

"ताप नाहीये वहिनी," धाकटे दीर म्हणाले. "झोप झाली नसेल. उगाच कशाला धावपळ?"

तिने टेबलावरचं कापड त्यांच्यापुढे धरलं. "भाऊजी, यांनी दोन्ही बाह्या उजव्याच कापल्यात. असं कधी झालंय? तो पारा गेला खड्ड्यात! गाडी बोलवा."

मला पर्समध्ये कोंबून ती निघालीच.

डॉक्टरांनी सुईने पोटातलं पाणी काढून तपासलं. "पाण्यात जंतू झालेत," ते म्हणाले. "लिव्हर एवढं खराब असलं की जंतूंशी झुंजायची ताकद उरत नाही. ताप येईलच असं नाही, कधी माणूस नुसता भ्रमिष्टासारखा वागतो. बरं झालं, लगेच आणलंत." शिरेतून औषध सुरू झालं.

"थर्मामीटरने फसवलं की!" दीर म्हणाले.

फसवलं? मी? अंग किती तापलंय ते विचारलंत, ते मी चोख सांगितलं. माणूस कसा आहे हे मला विचारूच नका! त्यासाठी तुम्हाला डोळे दिलेत. मला जपून ठेवा मित्रांनो, पण माझ्या आड लपू नका.

मास्तर वाचले. यकृत तसंच आहे, जपावं लागतं. परवा लेकीने पुन्हा पोट धरलं. सवयीने त्यांनी मला उचललं, जरा थांबले आणि परत डबीत ठेवलं.

"कुठे दुखतंय गं?" तिच्याजवळ बसत त्यांनी विचारलं.

लेक इतकी चकित झाली की रडायचंच विसरली.