सातवं भोक

मेइ-फेन कापडी बूट काढून पेटीत आडवी झाली. पाय ताणले, खांदे हलवून बघितले.

"ऐसपैस आहे हो," ती आतून म्हणाली. "लेकीला सांगून ठेवा, रजई जाड घालायची."

थान सुताराने रंधा थांबवला नाही. हुनानच्या त्या डोंगरात साठी उलटली की आपापली शवपेटी करून ठेवायची रीत होती, आणि गावातल्या बहुतेक पेट्या थानच्याच हातच्या. मेइ-फेन ही त्याची बायको, यंदा हिवाळाभर खोकल्याने खंगली होती. पुढल्या महिन्यात तिला त्र्याहत्तरावं लागणार. तिकडे ते वर्ष घाताचं मानतात. म्हणून आज ती माप बघायला आली होती.

कुशीवर वळून तिने तळफळी चाचपली. या फळीला सात भोकं पाडतात, सप्तर्षींच्या ओगराळ्यासारखी मांडून. मरणाचा अधिकार त्या सात ताऱ्यांकडे. ती खूण पाहून ते माणसाला आपल्यात घेतात. मेइ-फेन उठून बसली.

"सहाच आहेत."

"गिरमिट बोथट झालंय."

"परवा लियाओच्या आईची पेटी तीन दिवसांत पुरी केलीत, तेव्हा नव्हतं बोथट?"

"लाकूड ओलं आहे अजून."

"पाच वर्षं झाली पेटीला, तरी?"

ती बाहेर आली. भिंतीवरचं गिरमिट काढून टोकावर अंगठा टेकवला. चांगली धार होती.

"मीच पाडते."

थानने रंधा खाली ठेवला.

"राहू दे ना." मग भुशाकडे बघत तो म्हणाला, "दांड्याच्या टोकाचा तारा नसला तर ओगराळं उचलणार कसं? अन् अर्धवट पेटीत कुणी माणूस ठेवत नाही. एवढंच."

मेइ-फेनला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावरही ती डोळे पुसत राहिली. मग तिने शेजारच्या पेटीचं झाकण सरकवलं. ती थानची स्वतःची. आत सातही भोकं होती, कडा घासून गुळगुळीत केलेली.

"आणि ही कधी पुरी झाली?"

तो रंध्यात अडकलेला भुसा काढायला लागला.

"लग्न झाल्यापासून बघतेय, बाजाराला निघालो की हे आपले चार पावलं पुढे. इथंही तेच! मला अडकवून ठेवायचं आणि स्वतः खुशाल निघायचं!"

तिने लाकडाचा एक तुकडा उचलला, कसाबसा तासला आणि त्याच्या फळीच्या सातव्या भोकात हातोडीने ठोकला. तुकडा तिरपा बसला, वर चिरला.

थानने वाकून पाहिलं.

"शी! हे काम माझ्या हातचं म्हणून दिसायचं का लोकांना?"

त्याने खुंटी उपटून काढली. मेइ-फेन हातोडी घट्ट धरून उभी राहिली.

ढिगाऱ्यातून त्याने कापुराच्या लाकडाचा जुना तुकडा निवडला. सावकाश गोल तासला, सरस लावला, आणि हातोडीसाठी हात पुढे केला. तिने ती द्यायला जरा वेळ लावला. चार ठोक्यांत खुंटी त्याच भोकात आत गेली.

"निघायची नाही ना?" तिने विचारलं.

"माझ्या हातची आहे," तो म्हणाला, आणि वर उरलेलं टोक पटाशीने छाटायला लागला.