राजानंदचा दम

बदनापूरच्या पंचक्रोशीत कुणाची पाणी उपसायची मोटार विहिरीत पडली, की बोलावणं राजानंदलाच यायचं. गडी बुडी मारायचा, तळाच्या गाळात मोटार चाचपून तिला दोर बांधायचा आणि हसत वर यायचा. बुडी मारण्याआधी मात्र विहिरीच्या खालच्या पायरीवर बसून भात्यासारखे जोरजोरात श्वास घ्यायचा. याला तो दम भरणं म्हणायचा. बघ्यांना त्याचंच भारी अप्रूप.

अप्पारावांच्या विहिरीवर मात्र त्याची लेक पायल आडवी आली. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि बापासारखीच हट्टी.

"पप्पा, असा दम भरत न्हाई. रक्तात खराब हवा साठली, की मेंदू सांगतो, घे श्वास. तुम्ही ती हवा आधीच फुंकून टाकता. मंग चांगली हवा सरली तरी मेंदू गप्पच. माणूस पाण्यातच बेशुद्ध पडतो."

"इतकी वर्षं झाली, मेंदूनं कधी तक्रार केली न्हाई," राजानंद म्हणाला. जमलेली मंडळी खो खो हसली.

पायल चिडली, पण हटली नाही. बापाच्या कमरेला दोर बांधला तेव्हाच तिनं वाट सोडली. "मी हिसका दिला की तुम्हीबी द्यायचा. न्हाई आला तर वर ओढणार."

"बराबर," म्हणत त्यानं पुन्हा भाता चालवला आणि पाण्यात गडप झाला.

पहिल्या हिसक्याला उत्तर आलं. दुसऱ्याला काहीच नाही.

"ओढा."

"आत्ता तर गेलाय," अप्पाराव म्हणाले. "मोटार बांधत असंल."

"काका, ओढा म्हणते ना." आवाजच असा होता, की अप्पारावांनी मुकाट दोराला हात घातला.

वर आला तो निळ्या ओठांचा, निपचित राजानंद. बायांनी रडायला सुरुवात केली. पायलनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याची हनुवटी उचलली, नाक दाबलं, तोंडाला तोंड लावून हवा फुंकली. छाती वर आली. ती फुंकत राहिली. अखेर त्याला ठसका लागला, पाणी बाहेर आलं आणि श्वास आपला आपण सुरू झाला.

दवाखान्यात न्यायला टेम्पो आला. आत पडल्या पडल्या बाप लेकीकडे बघत होता.

"तुला कसं कळलं गं? मला तर बिलकुल दम लागला नव्हता. खाली लई बरं वाटून राह्यलं होतं. वर यायचं मनातबी आलं न्हाई."

हे ऐकलं आणि पायल त्याच्याजवळ सरकली. तिनं बापाचा हात घट्ट धरला, तो जालना येईपर्यंत सोडला नाही.