चूल पेटती ठेवून गेलेलं घर

कोणाचं वाईट व्हावं असं विनिफ्रेड लूमिसला कधीच वाटत नसे. कोरीन डेलानीचं चांगलं होऊ नये, एवढंच तिचं माफक म्हणणं होतं.

व्हरमाँटमधल्या त्या गावात कोरीनला येऊन सहा वर्षं झाली होती, म्हणजे गावाच्या लेखी ती अजून पाहुणीच. गिरणीमागच्या गल्लीतलं दोन खोल्या आणि एक माळा असलेलं घर तिनं घेतलं, खिडक्यांचा जुना रंग स्वतः खरवडला, आणि आता गावची वारसा समिती त्या खुराड्यावर पितळी पाटी लावायला निघाली होती. विनिफ्रेडचं घर मोठ्या रस्त्यावर, अकरा खोल्यांचं, पणजोबांनी बांधलेलं. पण १९७४ साली वडिलांनी त्याला चहूबाजूंनी प्लास्टिकच्या पट्ट्या ठोकल्या. दर पाच वर्षांनी रंग देण्याची कटकट मिटली आणि पाटीची आशाही. समितीनं तिचा अर्ज दोनदा फेटाळला. दोन्ही नकार विनिफ्रेडनं स्वतः टाइप करून स्वतःलाच पोस्टानं धाडले, कारण समितीची चिटणीस तीच होती.

मार्चमध्ये कपाट आवरताना तिला पणजीचं, टॅबिथा लूमिसचं पत्र सापडलं. १८६८ साली बहिणीला लिहिलेलं आणि पाठवायचं राहून गेलेलं. वाचता वाचता विनिफ्रेड खुर्चीत ताठ झाली. कोरीनचं घर मुळात गल्लीतलं नव्हतंच. ते लूमिसांचं जुनं घर. विनिफ्रेडचं घर आज जिथं आहे, तिथंच उभं असलेलं. पणजोबांना त्या जागी मोठं घर बांधायचं होतं, म्हणून त्यांनी जुनं ओंडक्यांवर चढवलं आणि बैलांच्या बारा जोड्या लावून गिरणीमागे ओढत नेलं.

आणि समितीचं सातवं कलम सांगत होतं की जागची हललेली वास्तू पाटीला पात्र नाही.

पत्र बैठकीत वाचायचंच, असं तिनं ठरवलं. निव्वळ इतिहासाच्या प्रेमापोटी, असं तिनं स्वतःला बजावलं आणि सकाळी जाऊन केस सेट करून आली.

बैठकीत वाचताना, बैलांचा भाग येऊन गेल्यावर तिनं थांबायला हवं होतं. पण अर्धवट वाचणं तिच्या स्वभावात नव्हतं. पुढे टॅबिथानं लिहिलं होतं की तिनं घराबाहेर पाऊल टाकायला साफ नकार दिला. घर रस्त्यावरून सरकत होतं आणि आत लोखंडी चुलीवर तिचं घेवड्याचं मडकं रटरटत होतं. धुराडं धूर सोडत चर्चसमोरून गेलं. दुसऱ्या दिवशी पुलापाशी ओंडका अडकला, तेव्हा शेजारणी खिडकीतून आत चढून कॉफी पिऊन गेल्या. असं तीन दिवस चाललं.

अध्यक्ष एल्वुड प्रॅट यांनी डोळे पुसले. एकानं त्यातले दोन बैल आपल्या पणजोबांचे होते असं जाहीर केलं. सातव्या कलमाची आठवण कुणालाच होईना, तेव्हा ती विनिफ्रेडलाच करून द्यावी लागली.

"विनी, अगं, ते कलम हलवलेल्या घरांसाठी आहे," एल्वुड म्हणाले. "हे घर हललं कुठं? हे तर फिरायला गेलं होतं."

स्थलांतराच्या वेळी चूल पेटती असल्यास कलम सात लागू नाही, असा ठराव एकमतानं झाला. विनिफ्रेड इतिवृत्त लिहीत होती. तिचं गप्प राहणं होकारात धरलं गेलं.

दुसऱ्या दिवशी कोरीन दारात उभी. हातात पाटीच्या मजकुराचा कागद. आभार मानायला आली असणार, म्हणून विनिफ्रेडनं ते नम्रपणे झिडकारण्याची तयारी केली.

"हे वाचलंत?" कोरीननं विचारलं.

"मीच टाइप केलंय."

"'टॅबिथा लूमिस यांचं घर.' सहा वर्षं मी खरवडतेय, विनिफ्रेड. ही नखं बघा माझी. आणि माझं नाव बारीक अक्षरांतसुद्धा नाही. लोक येणार, फोटो काढणार आणि मलाच विचारणार, लूमिस तुम्हीच का म्हणून. तुमचं बरं आहे. काही न करता नाव झालं."

विनिफ्रेड तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. आवळलेले ओठ, किंचित फुगलेल्या नाकपुड्या. हा चेहरा ती गेली सहा वर्षं रोज आरशात बघत होती. कोरीनबद्दल तिला पहिल्यांदाच माया वाटली. तिनं तिला आत घेतलं, ॲपल पायचा मोठा तुकडा कापून दिला.

"नावासाठी काही करता आलं असतं तर केलं असतं गं," ती हळुवारपणे म्हणाली. "पण नियमात बसत नाही."

कोरीन गेल्यावर तिनं एल्वुडना फोन लावला. मजकूर ठीक आहे, ती म्हणाली, फक्त अक्षरं जरा मोठी घ्या. गल्लीच्या तोंडापासून वाचता आली पाहिजेत.